ओळखीचे निवाडे : प्रस्तावना

एखादा मनुष्य तोच आहे, दुसरा कोणी नव्हे, हे कशावरून ठरवावयाचे, हा प्रश्न तत्त्ववेत्त्यांनी जितक्या वेळा विचारला असेल त्याहून कितीतरी अधिक वेळा तो पंचांना, न्यायाधीशांना, गावच्या पाटील-कुलकर्ण्यांना आणि घरातल्या बायकांना सोडवावा लागला आहे. आणि तत्त्ववेत्त्याला उत्तर उद्यावर टाकण्याची जी सवलत असते ती या मंडळींना कधीच नव्हती, कारण त्यांच्या उत्तरावर कोणाचे वतन, कोणाचे सौभाग्य, तर कोणाचा जीव अवलंबून असे. प्रस्तुत ग्रंथात अशा काही निवाड्यांची हकीकत सांगून, त्यांच्या आधारे माणसाची ओळख म्हणजे वस्तुतः काय, याचा विचार करण्याचा उद्देश आहे. विषय वेदान्ताचा आहे, मानसशास्त्राचा आहे, कायद्याचाही आहे. परंतु या तिन्ही शास्त्रांनी केलेल्या व्याख्या वाचून झाल्यावरही माझे समाधान झाले नाही, आणि ज्यांनी प्रत्यक्ष एक मनुष्य समोर उभा करून, ‘हा तो आहे की नाही?’ असे एकमेकांना विचारले, त्यांच्या कागदांत मला अधिक खोल विचार आढळला. म्हणून या ग्रंथाची मांडणी व्याख्यांवर नसून खटल्यांवर आहे.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे नाव काढताच प्रथम आठवतो तो भाऊसाहेबांचा तोतया. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासराव पडल्यानंतर सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत शिरले, एवढे पाहणारे पुष्कळ निघाले. त्यांना पडताना पाहिले असे छातीवर हात ठेवून सांगणारे मात्र थोडे. मागाहून शीर नसलेले एक धड अंगावरच्या जुन्या खुणांवरून भाऊसाहेबांचे म्हणून ठरविण्यात आले आणि त्यास अग्नी देण्यात आला. परंतु ज्या सेनेतील सहस्रावधी माणसे कोणत्या रानात, कोणत्या वाटेवर नाहीशी झाली याचा पत्ता घरोघर कधीच लागला नाही, त्या सेनेच्या नायकाविषयी एका धडाच्या खुणांनी लोकांचे समाधान व्हावे कसे? भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई स्वतः पानिपताहून जीव वाचवून परत आल्या होत्या. त्यांनी पतीचे निधन कधीच मानले नाही आणि सौभाग्याची चिन्हे उतरविली नाहीत. बारा वर्षे वार्ता नसल्यास परागंदा मनुष्याची प्रतिमा करून तिचा दाह करावा, अशी शास्त्रात सोय आहे; शास्त्राची ती मुदत संपली, तरी पार्वतीबाईंची मुदत संपली नाही.

या अनिश्चिततेत सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण भाऊसाहेब म्हणून प्रकट झाला. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दीतच त्याला पकडून कैदेत टाकले होते. परंतु माधवराव गेले, नारायणरावांचा १७७३ साली खून झाला, राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयास गेले, पुरंदरावर एका तान्ह्या मुलाच्या नावाने कारभाऱ्यांनी राज्य चालविले; आणि अशा वेळी, १७७६ साली, रत्नागिरीचा अंमलदार रामचंद्र नाईक परांजपे याने या कैद्याला बाहेर काढून धनी म्हणून पुढे केले. पाहता पाहता कोकणचा मोठा मुलूख त्याच्या स्वाधीन झाला, किल्ले त्याला वश झाले, फौज जमली, आणि घाट चढून पुण्यावर येण्याचा त्याचा रोख दिसू लागला. अखेरीस सरकारी फौजांनी त्याचा मोड केला, पळून जात असता तो रघोजी आंग्र्यांच्या हाती लागला, पुण्यास आणला गेला, पंच बसले, रामशास्त्री प्रभुण्यांसारख्या न्यायाधीशासमोर चौकशी झाली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्याला देहान्त शासन झाले. न. चिं. केळकर यांनी १९१३ साली या प्रकरणावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिल्यापासून ही कथा मराठी वाचकाच्या घरची झालेली आहे.

या प्रकरणात माझे लक्ष तोतयापेक्षा त्याच्यामागे गेलेल्या लोकांकडे अधिक वेधते. ते सर्वच फसले होते असे मानणे मला योग्य वाटत नाही. कारभाऱ्यांवर रुष्ट झालेला अंमलदार, वर्षानुवर्षे पगार थकलेला शिपाई, पेशव्यांच्या घरात कोणीतरी कर्ता पुरुष असावा असे तळमळीने वाटणारा सामान्य रयत, या सर्वांना भाऊसाहेब हवे होते. आणि हवासा मनुष्य समोर आला म्हणजे नाकाची ठेवण आणि आवाजाचा पोत यांची झडती कोण घेतो? ओळखणे ही क्रिया केवळ डोळ्यांची नसून गरजेचीही आहे, हे या बंडाने दाखविलेले एक कठोर सत्य होय. उलट बाजूला नाना फडणीस होते. ते तरुणपणी भाऊसाहेबांबरोबर पानिपतावर होते, त्यांना भाऊसाहेब प्रत्यक्ष ठाऊक होते, आणि भाऊसाहेब परत न येण्यात त्यांचा राजकीय लाभही होता. म्हणजे ओळखणाराही निरपेक्ष नव्हता, आणि नाकारणाराही नव्हता. तरी पंचांचा निकाल बरोबरच होता, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे कारण चेहऱ्याच्या खुणांत नाही. पानिपतानंतर नानासाहेब पेशवे पाच महिने भावाच्या आणि मुलाच्या वार्तेसाठी झुरत होते, आणि २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर त्यांचा अंत झाला. जो पुरुष एवढी फौज, एवढा कबिला आणि आपली स्त्री बरोबर घेऊन उत्तरेत गेला, तो जिवंत राहिला असता तर त्या पाच महिन्यांत एक जासूद, एक ओळ, एक निरोप धाडल्यावाचून राहिला असता काय? भाऊसाहेब उग्र होते, हट्टी होते, हिशेबाच्या बाबतीत तर निष्ठुर होते; आणि अशा माणसाने पानिपताचा हिशेब देण्याचे टाळून कोठे तरी लपून राहावे, हे त्याच्या सर्व आयुष्याशी विसंगत आहे. सुखनिधानाने नाव घेतले, रूप घेतले, ऐकीव आठवणीही घेतल्या. पण त्या नावावर असलेले देणे त्याने अंगावर घेतले नाही.

आमच्या जुन्या दप्तरांत ओळखीचे जे साधे, नित्याचे वाद आहेत ते इतके नाट्यमय नाहीत. पण विचार करणाऱ्याला ते अधिक देतात. दुष्काळाने किंवा परचक्राने गाव सोडून गेलेल्या पाटलाचा नातू दोन पिढ्यांनी परत येतो आणि ‘वतन माझे’ म्हणून उभा राहतो. भोगवटा करणारा दुसरा, म्हणतो की हा कोण, याला आम्ही ओळखत नाही. हाकीम दोघांकडून करीने घेतो, वंशावळी मागतो, जुने कागद, शिक्के, निवाडे पाहतो, आणि अखेर गोत बसवितो. पांढरीचे लोक, आसपासच्या गावांचे वतनदार, बारा बलुते देवासमोर बसून साक्ष देतात, त्यांची साक्ष महजरात उतरते, आणि खाली प्रत्येकाची निशाणी पडते : पाटलाचा नांगर, सुताराचे हत्यार, ज्याचे त्याचे वतन त्याच्या अवजारासह. लिहिता न येणाऱ्या माणसाने आपले नाव म्हणून आपल्या कामाचे साधन काढावे, यातली समज मला नेहमीच थोर वाटत आली आहे. साक्षी-पुराव्याने निभाव लागला नाही तर दिव्य असे. उकळत्या तेलातून रवा काढताना हात भाजला तर दावा खोटा. त्या पद्धतीतील क्रौर्य आणि अंधश्रद्धा झाकून ठेवण्याचे मला कारण नाही. परंतु दिव्याचा प्रसंग येण्यापूर्वी गोतात जे प्रश्न विचारले जात त्यांचा रोख ध्यानात घेण्याजोगा आहे. तुझ्या आजाने गावची कोणती कामे केली, देवाच्या यात्रेत पहिला मान कोणाकडे होता, अमक्या साली सारा थकला तेव्हा जामीन कोण राहिला, गाव जळाले तेव्हा कौल आणावयास हुजुरात कोण गेला? तुझे डोळे घारे आहेत की काळे हे कोणी विचारीत नसे. शिपायांच्या हजेरीसाठी चेहरेपट्टी लिहून ठेवण्याची चाल मोगलाईपासून होती, पण तिचा उपयोग भाडोत्री मनुष्य पकडण्यापुरता होता. गावात उभ्या राहणाऱ्या माणसाला मात्र आपल्या घराने काय निभावले ते सांगावे लागे.

युरोपातील खटल्यांपैकी मी एकाच खटल्याचे सविस्तर विवेचन केले आहे, कारण आपल्या नावावरची जबाबदारी पत्करणे हीच ओळख, या माझ्या प्रतिपादनाला सर्वांत अधिक विरोध करणारा खटला तोच आहे. फ्रान्सच्या दक्षिणेस पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी आर्तिगा नावाचे गाव आहे. तेथला मार्तिन गेर हा तरुण शेतकरी बापाच्या धान्याच्या चोरीचा आळ येताच १५४८ साली बायको-मुलाला टाकून निघून गेला. आठ वर्षांनी, १५५६ साली, मार्तिन म्हणून एक मनुष्य गावात आला. चुलत्याने, बहिणींनी, पत्नी बेर्त्रांदने त्याचा स्वीकार केला. तीन-एक वर्षे त्यांचा संसार सुखाने चालला, मुले झाली. पुढे मालमत्तेच्या हिशेबावरून चुलत्याशी भांडण पेटले, आणि चुलत्याने तो तोतया असल्याची फिर्याद केली. सुमारे दीडशे साक्षीदार तपासले गेले. काहींनी हाच मार्तिन म्हटले, काहींनी नव्हे म्हटले, आणि पुष्कळांनी काहीच सांगवत नाही असे म्हटले. गावच्या चांभाराने खऱ्या मार्तिनच्या पायाचे माप यापेक्षा मोठे होते, अशी साक्ष दिली. प्रकरण तुलूझच्या वरिष्ठ न्यायालयात गेले, आणि न्यायाधीशांचा कल आरोपीच्या बाजूने झुकला असता १५६० साली लाकडी पायावर चालत खरा मार्तिन न्यायालयात येऊन उभा राहिला. तोतया आर्नो द्यु तील याला आर्तिगा येथे त्याच घरासमोर फाशी देण्यात आले. न्यायाधीशांपैकी झाँ द कोरास याने पुढील वर्षी या खटल्यावर ग्रंथ लिहिला. आणि माँतेञने आपल्या निबंधात, इतक्या गूढ प्रकरणी एका माणसाला फाशी देण्याइतकी खात्री न्यायाधीशांना कशी वाटली, असा संशय व्यक्त केला.

या ठिकाणी वाचक मला अडवील, आणि त्याने अडवावेच. जबाबदारी पत्करणे हीच जर ओळख, तर आर्नोने ती पत्करली नव्हती काय? त्याने शेत कसले, स्त्रीला सुख दिले, मुलावर माया केली. उलट खरा मार्तिन बारा वर्षे परमुलखात राहिला, आणि परत आल्यावर रडणाऱ्या पत्नीला त्याने कठोरपणे झिडकारले, तेव्हा या साऱ्या अनर्थाचे मूळ तुझ्याच पळून जाण्यात आहे, असे न्यायाधीशांना त्याला सुनवावे लागले. या आक्षेपाचे मोल मला मान्य आहे. माझे उत्तर एवढेच की, आर्नोने मार्तिनचे हक्क आणि मार्तिनचे कर्तव्य दोन्ही घेतले, पण स्वतःचे मागील आयुष्य मात्र कोणाच्याही माथी न मारता हवेत सोडून दिले. आर्नोने जे केले होते, ज्यांचे घेतले होते, ज्यांना फसविले होते, त्यांना जाब देणारा मनुष्यच त्याने जगातून नाहीसा केला. दुसऱ्याचे देणे फेडणारा मनुष्य स्तुत्य असेल. पण स्वतःचे देणे बुडवून तो ते फेडीत असेल तर त्याची ओळख पुरी झाली असे म्हणवत नाही. आणि मार्तिनलाही न्यायालयाने घर परत दिले ते दोष देऊनच दिले. म्हणजे तू तोच आहेस, याचाच अर्थ तू टाकून गेलास तो तूच, असा त्या न्यायाधीशांनी केला. हे एक वाक्य मला त्या सबंध खटल्याचे सार वाटते.

बंगालमधील भावालच्या संन्याशाचा खटला आमच्या पिढ्यांना अधिक जवळचा. ढाक्याजवळील भावाल संस्थानाचे द्वितीय कुमार रमेंद्रनारायण राय हे १९०९ च्या मे महिन्यात दार्जिलिंग येथे वारले असे जाहीर झाले. आणि १९२१ साली ढाक्यास राख फासून बसलेल्या एका संन्याशाने आपणच ते कुमार असल्याचे सांगितले. बहीण ज्योतिर्मयी देवींनी त्याला भाऊ म्हणून घरात घेतले, हजारो रयतांनी त्याला नजराणे दिले. पत्नी विभावती देवींनी त्याला अखेरपर्यंत नाकारले. १९३० साली दावा दाखल झाला, दोन्ही पक्षांचे मिळून दीड हजारांहून अधिक साक्षीदार तपासले गेले, १९३६ साली न्यायाधीश पन्नालाल बसू यांनी संन्याशाच्या बाजूने निकाल दिला, १९४० साली कलकत्ता हायकोर्टाने बहुमताने तो उचलून धरला, आणि १९४६ च्या जुलैमध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने त्यावर शिक्कामोर्तब केले. त्यानंतर थोड्याच दिवसांत तो मनुष्य वारला. अंगावरचे व्रण, गाडीच्या चाकाने झालेली घोट्यावरची जखम, पायाची खरबरीत त्वचा, अशा शारीरिक खुणांचा या निकालात मोठा वाटा आहे, आणि न्यायालयाच्या दृष्टीने ते यथायोग्यच होय. परंतु सोळा वर्षांच्या वादाने एका देहाला एका देहाशी जोडले, तरी पतीला पत्नीशी जोडण्याचे सामर्थ्य त्या हुकूमनाम्यात नव्हते. येथे मी विभावती देवींना दोष देत नाही. बारा वर्षे वैधव्यात काढलेल्या स्त्रीसमोर एखादा देह उभा करून, ‘याला ओळख’ म्हणणे, ही मागणीच अपुरी आहे.

देहाची खूण म्हणून ज्या साधनावर आज जगभर विश्वास ठेवला जातो त्याचा आरंभही बंगालमध्येच झाला, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. १८५८ साली विल्यम हर्शेल या मुलकी अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराच्या करारावर त्याच्या संपूर्ण पंजाचा ठसा घेतला. उद्देश असा की, पुढे त्याने ‘ही सही माझी नव्हे’ म्हणू नये. १८९७ साली कलकत्त्यास बोटांच्या ठशांची कचेरी निघाली, आणि एडवर्ड हेन्रीच्या नावाने जगप्रसिद्ध झालेल्या वर्गीकरणाच्या मागे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन देशी कर्मचाऱ्यांचे श्रम होते. मूळ हेतू पाहिला म्हणजे ध्यानात येते की, येथेही शोध देहाचा नव्हता. आपला शब्द आपला म्हणून मानणारा मनुष्य हवा होता, आणि त्याचा भरवसा वाटेना म्हणून त्याचा पंजा धरून ठेवला. आजचे दाखले, ओळखपत्रे, नोंदवह्या यांचे स्थान यापलीकडे नाही. ती उपयुक्त आहेत, अत्यावश्यकही आहेत. निर्वासित झालेल्या माणसाला एका कागदाअभावी काय भोगावे लागते, हे फाळणी पाहिलेल्या देशाला सांगावयास नको.

नावाविषयी फार लिहीत नाही. आमच्या घरांतून मुलगी सासरी गेली की तांदळात नवे नाव लिहिले जाई, आणि आईने हाक मारलेले नाव एका दिवसात माहेरी राहून जाई. आनंदीबाई जोशी आणि रमाबाई रानडे या दोघीही माहेरच्या यमुनाच. त्यांपैकी एक १८८६ साली फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन आली, दुसरीने पुण्यात सेवासदन उभे केले. यमुना हे नाव कोणालाही आठवत नाही, आणि त्यामुळे त्या दोघींच्या ओळखीला तिळमात्र उणेपणा आलेला नाही. नाव बदलण्याची ती सक्ती न्याय्य होती असे मात्र यातून कोणी समजू नये.

आमच्या कथावाङ्मयाने हा प्रश्न फार पूर्वीच हाती घेतला होता. वेताळपंचविशीत धडे आणि शिरे यांची अदलाबदल झाल्यावर पती कोणता, असे वेताळ विचारतो, आणि राजा शिराच्या बाजूने कौल देतो. उत्तर चतुर आहे, पण मनाला लागत नाही. याहून कितीतरी श्रेष्ठ असे उत्तर महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यानात आहे, आणि रघुनाथ पंडितांच्या आख्यानामुळे मराठी मनाला नळ-दमयंतीचा परिचय जुना असला तरी, मूळ कथेतील ओळखीच्या दोन प्रसंगांची जोडी सहसा कोणी एकत्र पाहत नाही. स्वयंवरात दमयंतीपुढे पाच नळ उभे राहतात. त्यांतले चार देव. तेथे ती खरा नळ ओळखते तो देहाच्या मर्त्यपणावरून : ज्याला घाम आहे, ज्याच्या पापण्या लवतात, ज्याची माळ कोमेजली आहे, ज्याची छाया पडते, ज्याचे पाय धुळीला टेकले आहेत, तो माझा. पुढे द्यूतात सर्वस्व गेल्यावर नळ तिला अरण्यात झोपेत टाकून जातो, कर्कोटकाच्या दंशाने त्याचे रूप विद्रूप होते, आणि बाहुक नावाचा सारथी होऊन तो राहतो. आता देहाची एकही खूण शिल्लक नाही. दमयंती मग काय करते? ती देशोदेशी ब्राह्मण पाठवून एक प्रश्न विचारविते : आपल्या अनुरक्त पत्नीचे अर्धे वस्त्र घेऊन तिला रानात सोडून जाणारा तू कोठे आहेस? पुष्कळांनी तो प्रश्न ऐकला. एकट्या बाहुकाला तो झोंबला आणि त्याने उत्तर दिले. नंतर तो रथ हाकतो कसा, अन्न शिजवितो कसा, हे ती दासीकडून पाहविते. त्याने रांधलेले अन्न चाखते. आणि अखेर आपली दोन्ही मुले त्याच्याकडे धाडते, त्यांना पाहून तो रडतो. मला या सर्व परीक्षांत पहिली सर्वांत सूक्ष्म वाटते. रथ हाकण्याची कला दुसऱ्यालाही येऊ शकेल, मुले पाहून दुसऱ्याही कोमल मनाच्या पुरुषाचे डोळे भरतील. पण ज्याने टाकले त्यालाच टाकल्याचा प्रश्न आपला वाटेल.

तत्त्वज्ञांचे मत थोडक्यात. इंग्रज तत्त्ववेत्ता लॉक याने १६९४ साली आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत, राजपुत्राचे मन चांभाराच्या देहात शिरले तर तो राजपुत्रच होय, असे सांगून स्मृतीला ओळखीचा आधार मानले. परंतु ‘व्यक्ती’ ही कल्पना मुळात न्यायालयाची, कृत्याचा दोष आणि श्रेय कोणाला द्यावयाचे ते ठरविण्यासाठी आहे, हेही त्यानेच म्हटले, आणि मला त्याचे हे दुसरे म्हणणे पहिल्यापेक्षा भक्कम वाटते. मिलिंदप्रश्नात तर नागसेन स्थायी आत्माच मानीत नाही. तरी आंबे चोरणारा मनुष्य, ‘तू लावलेला आंबा निराळा आणि मी नेलेला निराळा,’ असे म्हणून सुटत नाही, असा त्याचा राजाला जबाब आहे. आत्मा मानणारे आणि न मानणारे ज्या एका ठिकाणी एकत्र येतात ते ठिकाण हे आहे. भारतात २०२४ पर्यंत लागू असलेल्या १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याचे ५० वे कलमही असेच सांगत असे की, दोन माणसांचे नाते काय याविषयी, ज्याला ते जाणण्याची विशेष संधी होती त्याचे मत, त्याने ते आपल्या वर्तनातून व्यक्त केले असेल तर, ग्राह्य धरावे. कायदा सहसा वर्तनावर इतका भर देत नाही.

स्मृतीविषयी एक गोष्ट येथेच नमूद करतो. आमच्या वाड्यात एक वृद्ध गृहस्थ होते. सारी उमेद मामलेदार कचेरीत कारकुनीत गेलेली. अखेरच्या वर्षांत त्यांना मुलाचे नाव आठवेनासे झाले, सुनेला ते शेजारीण समजत. पण कोणी सहीसाठी कागद पुढे केला की ते चष्मा मागून तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचीत, तारीख घातली आहे की नाही ते विचारीत, आणि नसेल तर सही न करता कागद परत देत. त्यांची स्मृती गेली होती. तथापि ते गेले होते असे आमच्यापैकी कोणाला कधी वाटले नाही.

येथवरच्या विवेचनावर एक फार गंभीर आक्षेप येतो, आणि तो टाळून हा ग्रंथ प्रसिद्ध करणे अप्रामाणिकपणाचे झाले असते. ओळख जर चारचौघांत ठरते, गोत आणि गाव जर तिचे साक्षीदार, तर गावाने ज्यांना वेशीबाहेर ठेवले त्यांचे काय? महजरावर ज्यांची निशाणी उमटत होती त्यांतही कोणी मानाने आणि कोणी केवळ राबण्यासाठी उभा होता. आणि ज्याला पाणवठ्यावर पाय ठेवण्याची बंदी होती त्याची ओळख गावाने पुरेपूर ठरविलीच होती, त्याला न विचारता, त्याच्या जन्मापूर्वी. ही ओळख नव्हे, हा शिक्का होय. आणि तो नाकारण्याचा अधिकार मनुष्याच्या मूलभूत अधिकारांत मोडतो असे मी मानतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर, १९३५ साली येवल्यास आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास जे केले, त्याचा अर्थ माझ्या समजुतीप्रमाणे असा की, आम्ही कोण हे तुम्ही आम्हाला सांगावयाचे नाही. आम्ही कशाला बांधलो आहोत हे आम्ही उच्चारू, प्रतिज्ञेने उच्चारू, आणि त्याप्रमाणे वागू. नागपुरास बावीस प्रतिज्ञा घेण्यात आल्या ही गोष्ट माझ्या दृष्टीने अत्यंत अर्थपूर्ण आहे. जुनी ओळख टाकणारा समुदाय रिकामा बाहेर पडला नाही; त्याने आपण होऊन बंधने स्वीकारली.

व्यासांच्या कर्णापुढेही हाच पेच उभा राहिला होता. रंगभूमीवर कृपाचार्यांनी त्याला कुळ विचारले तेव्हा त्याची मान खाली गेली. पण पुढे श्रीकृष्णाने त्याला एकांतात त्याचे खरे कुळ सांगितले, ज्येष्ठ पांडव म्हणून राज्याभिषेक देऊ केला, तेव्हा ज्या उत्तरासाठी त्याने जन्मभर अपमान सोसला ते हाती आले असताही त्याने ते घेतले नाही. राधेला मला पाहताच पान्हा फुटला, तिने माझे मलमूत्र काढले, अधिरथाने माझे संस्कार केले, त्यांनी पाहून दिलेल्या स्त्रियांशी माझा संसार झाला, आणि दुर्योधनाच्या आश्रयाने मी वाढलो. हे सर्व मी कसे मोडू, असा त्याच्या म्हणण्याचा आशय उद्योगपर्वात आहे. जन्माने तो कौंतेय होता यात शंका नाही. त्याने पत्करलेली बाजू अधर्माची होती यातही शंका नाही, आणि द्रौपदीच्या विटंबनेतील त्याच्या वाट्याला क्षमा नाही. तरीही आपण कोण, या प्रश्नाचे जे उत्तर त्याने दिले ते मला आमच्या सर्व वाङ्मयात सर्वांत प्रौढ वाटते. रक्ताने सांगितलेले नव्हे, सभेने लादलेले नव्हे, तर ज्यांचे आपण देणे लागतो त्यांची नावे घेऊन दिलेले.

ग्रंथाच्या व्याप्तीविषयी थोडेसे. येथे घेतलेल्या खटल्यांत फसवणुकीची सर्व प्रकरणे नाहीत. ज्यांत एखाद्या कुटुंबाने, गावाने किंवा राज्याने खरोखर विचार करून निर्णय दिला तीच घेतली आहेत. केवळ अद्‌भुत म्हणून प्रसिद्ध असलेल्या पुनर्जन्माच्या वार्ता मी वगळल्या आहेत. पार्वतीबाईंचे प्रकरण सर्वांत लांब झाले आहे. त्यांच्याविषयी स्वतंत्र कागद थोडे आहेत आणि बहुतेक हकीकत दुसऱ्यांच्या पत्रांतून गोळा करावी लागते, तरी तोतयाच्या इतिहासात ज्या स्त्रीच्या जन्माचा प्रश्न होता तिला एका परिच्छेदात आटोपणे मला न्याय्य वाटले नाही. १७८३ साली त्या निवर्तल्या. मोडी कागदांचे वाचन मी शक्य तेथे मूळ पाहून दिले आहे आणि जेथे छापील निवाड्यावर विसंबलो तेथे तसे नमूद केले आहे.

वतने गेली, गोतसभा गेल्या, आणि त्यांचे रुमाल माळ्यावर, देवघरात, कोठीच्या तळाशी पडून आहेत. ज्या वाचकांच्या घरी असे महजर, करीने, निवाडपत्रे, जामीनकतबे असतील त्यांनी ती रद्दीत घालण्यापूर्वी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळास किंवा जवळच्या एखाद्या जाणत्या मोडी वाचकास दाखवावीत. कागद फाटका असला, तारीख तुटलेली असली, वादी कोण आणि प्रतिवादी कोण हेही कळत नसले, तरी दाखवावाच. खाली निशाण्या असतील तर अवश्य दाखवावा.